लिली रेनेच्या कॉमिक्सचं पुस्तक छापायचं आहे : स्कॅन करणाऱ्यांची परवानगी, श्रेय आणि छपाई

सोनचाफा

नमस्कार मंडळी. एका पुस्तकाचं काम हाती घेतलंय. त्यातल्या एका प्रश्नावर इथल्या कायदेवाल्यांचं, छपाईवाल्यांचं आणि जुन्या कागदांवर जीव असणाऱ्यांचं मत हवंय. थोडं सविस्तर लिहिते.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फिक्शन हाउस नावाची प्रकाशनसंस्था होती. प्लॅनेट कॉमिक्स, जंगल कॉमिक्स, फाइट कॉमिक्स, रेंजर्स कॉमिक्स ही त्यांची मासिकं. युद्धात पुरुष चित्रकार सैन्यात गेले आणि इथे बायकांना काम मिळालं: फ्रॅन हॉपर, रूथ ॲटकिन्सन, मार्शा स्नायडर आणि लिली रेने. लिली व्हिएन्नातल्या ज्यू घरातली, जन्म १९२१ चा. नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर १९३९ मध्ये किंडरट्रान्सपोर्टने, म्हणजे ज्यू मुलांना वाचवण्यासाठी सोडलेल्या गाड्यांतून, ती इंग्लंडला पोचली आणि पुढे न्यूयॉर्कला आईवडिलांकडे. तिथे तिने फाइट कॉमिक्ससाठी ‘सेन्योरिटा रिओ’ काढली. दक्षिण अमेरिकेत नाझी हस्तकांचा पाठलाग करणाऱ्या गुप्तहेर बाईची ही कथा. नाझींपासून जीव वाचवून आलेली मुलगी विशीतच अंकामागून अंक कागदावर त्यांना हरवत होती. प्लॅनेट कॉमिक्समधली ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि रेंजर्समधली ‘वेअरवुल्फ हंटर’ या मालिकांवरही तिचा हात आहे. तिच्या पानांत चौकटी मोडून बाहेर येणारे कपडे, केस, जिने, आरसे असतात. त्या काळच्या ठोकळेबाज मांडणीत हे पान लगेच ओळखू येतं. २०२२ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी ती गेली.

या कॉमिक्सचे हक्क नूतनीकरण न झाल्यामुळे अमेरिकेत कधीच संपलेत. अंकांची स्कॅन डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. मला तिच्या निवडक कथांचं साधारण दीडशे पानांचं छापील पुस्तक काढायचंय, सोबत तिच्या चित्रशैलीवर एक लेख. इंग्रजी आवृत्ती आधी, मराठी नंतर.

स्कॅन करणारी माणसं स्वयंसेवक आहेत, बहुतेक टोपणनावाने वावरतात. फाइलच्या शेवटच्या पानावर त्यांचं नाव असतं, तेवढंच. त्यांच्या संमतीशिवाय छापायचं नाही असं मी ठरवलं आणि सापडतील त्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं. एकाने अट घातली की पुस्तकावर ‘सर्व हक्क सुरक्षित’ छापायचं नाही. एकाने स्पष्ट नकार दिला: वाचायला फुकट ठेवलंय, विकायला नाही. आणि काहींचा पत्ताच लागत नाही, त्यांचे जुने मेल परत येतात.

नकाराचं काय करू? न सापडणाऱ्यांचं काय करू? आणि आधी हे सांगा, की परवानगी मागण्यात मी काही गफलत तर करत नाही ना?

मुळामुठा

आधी कायदा, कारण तो या बाबतीत बऱ्यापैकी स्वच्छ आहे.

अमेरिकेत तेव्हा १९०९ चा कायदा होता. प्रकाशनापासून २८ वर्षं हक्क आणि अठ्ठाविसाव्या वर्षात अर्ज करून नूतनीकरण. अर्ज नाही केला की काम सार्वजनिक. १९४४ च्या अंकासाठी तो अर्ज १९७१-७२ मध्ये व्हायला हवा होता. तोपर्यंत फिक्शन हाउसची कॉमिक्स बंद होऊन जवळपास दोन दशकं झाली होती, अर्ज करणार कोण? पुढे १९९२ च्या दुरुस्तीने नूतनीकरण आपोआप झालं, पण ते १९६४ आणि नंतरच्या कामांना. त्याआधीची, नूतनीकरण न झालेली कामं मोकळी ती मोकळीच राहिली.

आता स्कॅन. न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात म्हटलं की सार्वजनिक चित्राची हुबेहूब प्रतिमा घेतली तर त्या प्रतिमेवर नवा हक्क निर्माण होत नाही. त्यामागे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा फाइस्ट निकाल आहे: मेहनत कितीही असो, हक्कासाठी थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक प्रकरणात नुसत्या श्रमाची कसोटी नाकारली. त्यामुळे स्कॅनरवाल्याचा स्वामित्वहक्क बहुधा शून्य. श्रेय न देणंसुद्धा अमेरिकेत सहसा गुन्हा ठरत नाही, २००३ चा डास्टार निकाल वाचा.

भारतात छापणार असाल तर एक गंमतीचा पेच आहे. आपल्याकडे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. लिली रेने २०२२ ला गेल्या, म्हणजे हिशेबाने २०८२ संपेपर्यंत. पण १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेशानुसार परदेशी कामाला इथे मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही. अमेरिकेत संपला, इथेही संपला. जर्मनीत मात्र सावध राहा. अमेरिकी कामांना ते १८९२ च्या जुन्या करारामुळे ही कमी मुदतीची सूट लावत नाहीत, तिथे मृत्यूनंतर ७० वर्षं पूर्ण धरतात. मागणीनुसार छापणाऱ्या सेवेतून विकणार असाल तर विक्रीच्या देशांतून जर्मनी काढून टाका.

रानजाई

मुळामुठा यांचं सगळं मान्य, आणि म्हणूनच माझं म्हणणं सोनचाफाताईंच्या विरोधात आहे. जिथे हक्कच नाही तिथे परवानगी मागायची कशाला? तुम्ही मागितलीत की समोरच्याला वाटतं आपल्याकडे द्यायला काहीतरी आहे. उद्या तो दुसऱ्या कोणाला नाही म्हणेल, परवा पैसे मागेल. लोकांच्या मालकीची गोष्ट अशीच हळूहळू कोणाच्या तरी खिशात जाते.

संग्रहालयं हेच करतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा फोटो काढायचा आणि त्यावर ‘हक्क आमचे’ असं लिहून शुल्क घ्यायचं. आपण त्याला विरोध करायचा आणि स्कॅन करणाऱ्याला मात्र तोच अधिकार द्यायचा, हे जुळत नाही.

ग्रंथपाल_नागपूर

रानजाई, तुमचा मुद्दा तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण संग्रहालयाकडे मूळ चित्र कुलपात असतं आणि ते दुसऱ्याला फोटो काढू देत नाही. या माणसांनी उलट केलंय. स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली वस्तू उघडून जगापुढे ठेवलीय.

त्यात त्यांचं काय गेलं तेही बघा. ही कॉमिक्स लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली. लिग्निनमुळे कागद पिवळा पडतो, मग तपकिरी, मग कडा हाताला लागल्या की चुरा होतो. दहा सेंटची वस्तू, कोणी जपून ठेवायची नव्हतीच. युद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करायच्या मोहिमा झाल्या, त्यात हजारो गठ्ठे लगद्यात गेले. १९४८ मध्ये शाळा-चर्चच्या आवारांत कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. त्यातून उरलेल्या प्रती आज महाग आहेत, आणि २००० पासून सीजीसीसारख्या संस्था त्या तपासून, दर्जा देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करतात. कवचात गेलेला अंक परत कोणी वाचत नाही, स्कॅन तर नाहीच. स्कॅनसाठी अंक पूर्ण उघडावा लागतो, कधी मधल्या पिना काढाव्या लागतात, कणा सैल होतो, किंमत उतरते. हे माहीत असूनही ज्यांनी उघडला, त्यांच्यामुळे लिली रेनेची पानं आज नागपुरात बसून मी बघू शकतो.

ग्रंथालयात आम्ही प्रत्येक प्रतीचा माग ठेवतो: कुठून आली, कोणी दिली, कोणती पानं नव्हती. स्कॅन करणाऱ्याचं नाव हा तोच माग आहे. ‘फाइट कॉमिक्सच्या अमुक अंकाची ही प्रत, पान ३ दुसऱ्या प्रतीतून घेतलेलं’ हे पुस्तकात नसेल तर पन्नास वर्षांनी अभ्यास करणाऱ्याला कळणार कसं की छापलेलं पान मूळचं आहे की जोडलेलं? यासाठी तरी त्या माणसांशी बोलणं भाग आहे.

आपल्याकडचंही सांगतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली मराठी पुस्तकं आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. पानं कापलेली, कुठे बोट आलेलं, पण आहेत. त्यावरून छापलेल्या आवृत्त्या बाजारात दिसतात, आणि मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयाची होती याचा एका ओळीचाही उल्लेख नसतो. आतलं कापलेलं पान तसंच छापलेलं आणि मुखपृष्ठामागे ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. मला याचा फार त्रास होतो.

मुळामुठा

रानजाईंच्या शंकेवर उपाय पत्राच्या भाषेत आहे. ‘आपले हक्क वापरण्याची परवानगी द्यावी’ असं लिहू नका. असं लिहा: ‘हे काम सार्वजनिक आहे असं माझं मत आहे. तुमच्या श्रमांमुळे ते उपलब्ध झालं म्हणून तुमची संमती आणि इच्छा विचारते आहे. तुमचं नाव कसं छापावं? मोठ्या आकाराची मूळ फाइल असेल तर द्याल का?’ यात हक्क कबूल केल्यासारखं होत नाही आणि मानही राहतो.

आणखी एक. हक्क वेगळा आणि करार वेगळा. संकेतस्थळावर सदस्य होताना आपण काही अटी मान्य केलेल्या असतात. त्या अटी त्या संकेतस्थळापुरत्या बांधतात. छापण्याआधी त्या वाचा.

दादरकर

एक बाळबोध शंका. अंक सार्वजनिक आहे हे नक्की कसं कळतं? संकेतस्थळावर आहे म्हणून?

मुळामुठा

नाही. संकेतस्थळवाले काळजी घेतात, पण छापणाऱ्याने स्वतः बघावं. अमेरिकी कॉपीराइट कार्यालय ‘कॅटलॉग ऑफ कॉपीराइट एंट्रीज’ छापत असे, त्याचे खंड स्कॅन झालेले आहेत. अंक ज्या वर्षी निघाला त्यात २७ आणि २८ मिळवा, त्या वर्षांचे नियतकालिकांचे भाग चाळा. स्टॅनफर्डची नूतनीकरणांची शोधयादी सोपी आहे म्हणून लोक तिथे बघतात, पण ती फक्त पुस्तकांची आहे, कॉमिक्स नियतकालिकांत येतात! तिथे सापडलं नाही म्हणजे मोकळं, असं धरणं धोक्याचं. नियतकालिकांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने केलेली यादी बघा.

दुसरी खाच: अंक मोकळा असला तरी आतली एखादी गोष्ट मोकळी नसू शकते. वर्तमानपत्रांत येणाऱ्या चित्रपट्ट्या कॉमिक्समध्ये पुन्हा छापल्या जात, आणि त्या पट्ट्यांचे हक्क सिंडिकेटने, म्हणजे त्या वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या संस्थेने, स्वतंत्रपणे नूतनीकृत केलेले असू शकतात. फिक्शन हाउसचं काम मुख्यतः नव्याने काढलेलं असल्याने हा त्रास कमी.

तिसरी: व्यापारचिन्ह. कॅप्टन मार्व्हलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मूळ प्रकाशक फॉसेटने १९५३ मध्ये तो बंद केला, पुढे ते नाव मार्व्हलने व्यापारचिन्ह म्हणून घेतलं, आणि १९७३ पासून डीसीला तेच पात्र ‘शझाम!’ या नावाने विकावं लागलं. जुनी गोष्ट मोकळी असली तरी मुखपृष्ठावर मासिकाचं जुनं बोधचिन्ह ठळक लावू नका. ‘लिली रेने : निवडक कथा’ असं साधं नाव द्या.

खिळेजुळारी

सोनचाफा, मी चाळीस वर्षं छापखान्यात आहे, खिळ्यांपासून ऑफसेटपर्यंत. कायदा राहू दे, फाइलवर बोलतो.

या अंकांचं पान साधारण साडेसात इंच रुंद. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके हवेत, म्हणजे फाइल २२५० पिक्सेल रुंद लागते. वीस वर्षांपूर्वीची स्कॅन बाराशे-तेराशे पिक्सेलची असतात, डाउनलोड हलकं व्हावं म्हणून. १२८० ला साडेसातने भागलं की इंचाला जेमतेम १७० येतात. पडद्यावर झकास दिसेल, कागदावर अक्षरांच्या कडा उसवतील. म्हणून परवानगी मागणं हा फक्त सभ्यतेचा मामला नाही. संकेतस्थळावर ठेवलेली फाइल आकसलेली असते, मूळ मोठी फाइल बऱ्याचदा त्या माणसाच्या हार्ड डिस्कवर पडून असते. ती त्याच्याशी बोलल्याशिवाय मिळत नाही.

काही स्कॅन मायक्रोफिशवरून, म्हणजे पानांचे चिमुकले फोटो असलेल्या फिल्मवरून, घेतलेली असतात. ती छापायला घेऊ नका. बारीक रेघ तिथे गेलेलीच असते.

आता मुख्य अडचण. मूळ छपाई चार रंगांची, ठिपक्यांची. तुझी छपाईसुद्धा ठिपक्यांची. ठिपक्यावर ठिपका बसला की पानभर जाळी उमटते, मॉइरे म्हणतो आम्ही. गालावर, आकाशात, जिथे फिका रंग आहे तिथे हमखास. उपाय: ६०० ला स्कॅन, मग ३०० ला उतरवताना ठिपके किंचित विरघळवायचे, आणि काळी रेघ वेगळी काढून तीक्ष्ण ठेवायची. छापखान्याकडे एफएम स्क्रीनिंग असेल तर उत्तमच, त्यात ठिपके ओळीत नसून विखुरलेले असतात, जाळी धरत नाही.

पुन्हा स्कॅन करायची वेळ आली तर पानामागे काळा कागद ठेवायला सांग. पातळ कागदातून मागची छपाई दिसते, काळ्या पाठीमुळे ती बरीच दबते.

आणि हात जोडून सांगतो, हल्ली चित्र मोठं करून देणारी जी एआय साधनं निघालीत ती लावू नकोस. ती ठिपक्यांच्या अळ्या करतात, डोळ्यांच्या पापण्या स्वतःच्या मनाने काढतात, अक्षरं बदलतात. मग ते लिली रेनेचं चित्र राहत नाही, आणि पुस्तकावर नाव तिचं असतं.

सोनचाफा

काका, मॉइरेचं इतकं नेमकं कोणीच सांगितलं नव्हतं. फाइलींची यादी रुंदीनुसार लावून बघितली: ज्यांनी संमती दिली त्यांतल्या दोघांकडे ६०० ठिपक्यांच्या मूळ फाइली आहेत आणि ते द्यायला तयार आहेत.

ग्रंथपाल, प्रत्येक कथेखाली अंक क्रमांक, महिना-वर्ष, स्कॅन कोणाचं, आणि एखादं पान दुसऱ्या प्रतीतून घेतलं असेल तर तसं, हे सगळं छापणारच.

रानजाई, तुमच्याशी एका बाबतीत मी सहमत नाही. माझ्यासाठी संमती मागणं हे हक्क मानणं नाही. हे लोक एकमेकांवर विश्वास ठेवून चाललेत. एक जण पान १ ते २० देतो, दुसऱ्याच्या प्रतीत २१ वं पान शाबूत असतं तो ते देतो, तिसरा मुखपृष्ठ देतो. मोबदला नाही, नावही टोपणनाव. छापील आवृत्त्या काढणाऱ्या काहींनी त्यांच्या फाइली जशाच्या तशा उचलल्या, शेवटचं नावाचं पान काढून टाकलं आणि महाग विकल्या. एका स्कॅनवाल्याने मला लिहिलं की त्यानंतर मी मोठ्या फाइली वर चढवणं बंद केलं. म्हणजे उचलेगिरीने नुकसान वाचकांचं झालं. पुढची शंभर कॉमिक्स वर यावीत असं वाटत असेल तर या माणसांना बरं वाटणं गरजेचं आहे.

कोकणकडा

धागा सगळा वाचला. स्कॅन करणाऱ्यांबद्दल एवढी काळजी, चांगलंच आहे. पण चित्र काढणारीचं काय? लिली रेनेला पानामागे ठरावीक पैसे मिळाले असतील, हक्क सगळे प्रकाशकाचे. प्रकाशक गेला, हक्क मोकळे झाले, आणि आज ऐंशी वर्षांनी आपण चर्चा करतोय ती अंक विकत घेणाऱ्याच्या संमतीची. जिने ते जग कागदावर आणलं तिच्या घरच्यांना कोणी विचारलं का?

रानजाई

कोकणकडा, हे मात्र मनापासून पटलं. माझ्या सगळ्या तर्कात ही बाजू सुटली होती. कायद्याने त्यांचंही काही देणं लागत नाही, पण स्कॅनवाल्याच्या आधी हे पत्र जायला हवं.

सोनचाफा

कोकणकडा, पत्र गेलंय. एका प्रकाशकामार्फत पाठवलं, खाजगी पत्ता शोधत बसले नाही. त्यात परवानगी हा शब्दच नाही. आम्ही हे करतोय, का करतोय, कोणत्या कथा निवडल्या, एवढं लिहिलं, आणि काही खटकत असेल तर सांगावं अशी विनंती केली. छपाई झाली की प्रती पाठवणार. कमाई झालीच तर त्यातला काही भाग निर्वासित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावा असं मनात आहे, पण ते घरच्यांशी बोलूनच. तिचं नाव वापरून परस्पर दानधर्म करायला मला आवडणार नाही.

या चित्रकर्त्यांना त्या काळी नावही नीट मिळालं नाही. ती ‘एल. रेने’ अशी सही करायची आणि वाचकांना वाटायचं हा पुरुष आहे. तिचं पूर्ण नाव मुखपृष्ठावर, मासिकाच्या नावाहून मोठं यावं, ही माझी इच्छा त्यातूनच आली.

दादरकर

जपानी माणसांची ती भयंकर चित्रं असतात युद्धकाळातल्या कॉमिक्समध्ये, पिवळे चेहरे, सुळे. ती असतील तर काय करणार? काढून टाकणार?

सोनचाफा

काढणार नाही, पुसणार नाही. पण कथा निवडताना जिथे सगळी कथाच त्या द्वेषावर उभी आहे ती घेतली नाही. जिथे एखाद-दुसरी चौकट आहे तिथे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिणार. छळातून सुटून आलेली मुलगीसुद्धा दुसऱ्या समाजाचं असं चित्र काढत होती, स्टुडिओत पटकथा हातात येई आणि ती चितारावी लागे. हे वाचकापासून लपवलं तर पुस्तक खोटं ठरेल.

ग्रंथपाल_नागपूर

आता नकार देणाऱ्याचा प्रश्न बाकी आहे. माझं मत: त्याची फाइल वापरू नका, कथा मात्र सोडू नका. तोच अंक दुसरीकडे असतो. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा कॉमिक्स संग्रह प्रचंड आहे. कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठाचं बिली आयर्लंड ग्रंथालय आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेस आहे. त्यांना लिहा, शुल्क भरून स्कॅन करून देतात का विचारा. कथा सगळ्यांची, ती फाइल त्याच्या घरची.

रानजाई

इथे मी माझ्या मतावर ठाम आहे. ज्याने स्वतःहून फाइल जगाला दिली त्याने नंतर ‘विकू नका’ म्हणायचं आणि आपण ऐकायचं, हे मला मान्य नाही. पुढच्या माणसाकडे ग्रंथालयाचं शुल्क भरायला पैसे नसतील तर त्याने पुस्तक काढायचंच नाही का? सोनचाफाताईंनी त्यांना हवं ते करावं, पण त्याचा पायंडा पडू नये.

मुळामुठा

दोघांचंही बरोबर आहे आणि दोन्ही एकत्र राहू शकतात. प्रस्तावनेत एवढंच लिहा की संमती घेतली ती सौजन्य म्हणून, कायद्याची गरज म्हणून नव्हे. मग पायंडा पडत नाही. न सापडणाऱ्यांच्या बाबतीत फाइल वापरा, टोपणनाव जसं आहे तसं छापा, आणि संपर्काचा पत्ता द्या.

हक्काच्या पानाबद्दल मात्र मी कडक आहे. तुमच्या लेखावर तुमचा हक्क, तो मांडा. कॉमिक्सच्या पानांवर काहीही मांडू नका. डाग पुसले, रंग सारखे केले, तेवढ्याने ते तुमचं होत नाही. त्या एका माणसाने घातलेली अट ही खरं तर सगळ्या प्रकाशकांनी स्वतःहून पाळायला हवी.

सोनचाफा

सगळ्यांचं ऐकून हक्काच्या पानाचा मसुदा केला आहे, बघा:

‘या पुस्तकातील कॉमिक्सची पाने सार्वजनिक आहेत. ती कोणीही वापरू, छापू, वाटू शकतो. त्यांवर आम्ही कोणताही हक्क सांगत नाही. स्कॅन ज्यांनी केली त्यांची नावे प्रत्येक कथेखाली दिली आहेत. त्यांची संमती आम्ही आदर म्हणून घेतली. काही जणांशी संपर्क होऊ शकला नाही, त्यांनी कृपया कळवावे. प्रस्तावनेचे हक्क लेखिकेकडे.’

आणि स्वच्छ केलेली पानं मी पूर्ण आकारात परत त्या दोन्ही संकेतस्थळांना देणार आहे, पुस्तक निघालं त्याच दिवशी. संमती मागताना मी हे कबूल केलं होतं, आणि बहुतेकांनी होकार दिला तो त्यामुळेच असं मला वाटतं. नकार देणाऱ्यालाही पुन्हा लिहिलं, त्याची फाइल वापरत नाही हे कळवलं आणि नव्याने होणारं स्कॅन त्यालाही पाठवेन असं सांगितलं. ती कथा ‘सेन्योरिटा रिओ’ची आहे. ग्रंथालयाला विचारणा केली आहे.

मुळामुठा

मसुदा चांगला आहे. ‘सार्वजनिक आहेत’च्या आधी ‘अमेरिकेत व भारतात’ घाला. जर्मनी विसरू नका.

दादरकर

मराठी आवृत्तीचं बघा हो. फुग्यांतली इंग्रजी अक्षरं पुसून मराठी बसवणं म्हणजे हाताने लिहिणारा माणूस लागेल. टंक लावलात तर पान मरतं. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याचं देवनागरी हस्ताक्षर फुग्यात सुंदर बसतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सोनचाफा

नक्की करा! मराठी फुग्यांना इंग्रजीपेक्षा जागा जास्त लागते, वेलांट्या-मात्रांमुळे ओळीची उंची वाढते, हे मी एका पानावर करून बघितलं. संवाद आटोपशीर करावे लागतील.

काका, एकच राहिलं, कागद. आर्ट पेपर घ्यावा असं इथला छापखाना सुचवतोय.

खिळेजुळारी

आर्ट पेपर नको. चकाकीवर हे रंग भडक होतात, दिव्याखाली पान वाचता येत नाही. ९० किंवा १०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) मॅपलिथो घे, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, नॅचरल शेडचा, तिकडे अनकोटेड क्रीम म्हण. शाई कागदात थोडी पसरते म्हणून मधले रंग फाइलमध्येच थोडे हलके ठेव, नाहीतर सावल्यांचा चिखल होईल. पान स्वच्छ करताना पिवळेपणा काढ, पण पांढराफेक करू नकोस, मूळ रंग त्या पिवळटपणावरच जुळवलेले दिसतात.

बांधणीला आतल्या बाजूला अर्धा इंच तरी समास सोड. लिली रेने चौकटीबाहेर जाते असं तूच लिहिलंस, तर ते हात, ते केस कण्यात अडकायला नकोत. आणि सगळा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) लावण्याआधी दोन पानं चाचणी म्हणून छापून घे, एक गडद रात्रीचं आणि एक चेहरा जवळून असलेलं. दोन्ही पोस्टाने पाठव, मी भिंगाखाली बघून सांगतो.